विद्यापीठाचे पहिले वर्ष : नागपुरात शिकायला आलेल्यांसाठी जून ते मे

बारावीपर्यंत विद्यार्थ्याच्या मागे कोणी ना कोणी सतत असते. शाळेत वर्गशिक्षक असतात, शिकवणीत दर रविवारी चाचणी असते आणि घरी आई-वडिलांची विचारपूस असते. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की हे सारे महिन्याभरात सुटते. तासाला बसला नाहीत तर कोणी हाक मारत नाही आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला तर सांगायला कोणी खोलीवर येत नाही. अनेक वर्षे पहिल्या वर्षाचे वर्ग घेताना माझे मत असे झाले आहे की, हे वर्ष वाया जाते ते बहुधा अभ्यास झेपत नाही म्हणून नव्हे, तर साधी कामे ज्या आठवड्यात व्हायला हवी होती त्या आठवड्यात झाली नाहीत म्हणून. त्यामुळे पुढील मांडणी विषयवार न करता नागपूरच्या वर्षाच्या क्रमाने केली आहे.

पहिली पायरी : आपले विद्यापीठ कोणते, ते आधी पक्के करा

हे वाचून हसू येईल, परंतु गोंधळाची सुरुवात येथूनच होते. नागपुरात शिकणारा प्रत्येक जण नागपूर विद्यापीठाचा विद्यार्थी असतोच असे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. शहरातील वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी आणि पशुवैद्यक महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे. व्हीएनआयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेचा कारभार स्वतंत्र आहे, आणि १९४२ पासून विद्यापीठाचा भाग असलेली एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) २०२३ मध्ये स्वतःच विद्यापीठ झाली. याशिवाय काही महाविद्यालये स्वायत्त आहेत, म्हणजे त्यांच्या परीक्षा ती स्वतः घेतात, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, मित्राच्या महाविद्यालयातील तारीख, शुल्क किंवा उत्तीर्णतेचा नियम तुम्हाला लागू होईलच असे नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर आलेली 'परीक्षा पुढे ढकलली' ही बातमी वाचली की परिपत्रक कोणत्या विद्यापीठाचे, कोणत्या अभ्यासक्रमाचे आणि कोणत्या सत्राचे आहे, या तीन गोष्टी पाहण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी. प्रवेश, हजेरी आणि अंतर्गत गुण ही महाविद्यालयाची बाजू. नावनोंदणी, लेखी परीक्षा, निकाल आणि पदवी ही विद्यापीठाची बाजू. अडचण विद्यापीठाकडची असली तरी सुरुवात महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील लिपिकापासून करावी, कारण परीक्षा भवनात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा 'महाविद्यालयाचे पत्र आणले का' असाच असतो.

दुसरी पायरी : पावसाळा संपण्यापूर्वी कागदपत्रे

एक फाईल करा. तिच्यात दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र ठेवा. मूळ प्रत महाविद्यालयात जमा करावी लागली तर पोच घ्या आणि त्यापूर्वी प्रत्येक कागदाची स्वच्छ स्कॅन प्रत काढून घ्या. केंद्रीय मंडळातून किंवा दुसऱ्या राज्यातून बारावी झालेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. ते मागवण्यात दिवस जातात, म्हणून अर्ज आधीच करून ठेवावा.

त्यानंतर शिष्यवृत्ती. या बाबतीत विद्यार्थी सर्वाधिक नुकसान करून घेतात, त्यामुळे थोडे विस्ताराने सांगतो. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरले जातात : मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हा निर्णय गावाकडच्या अनेक पालकांपर्यंत अजून पोहोचलेला नाही, असे दरवर्षी दिसते.

अर्ज भरणे अवघड नाही. तो अडकतो नंतर. आधार कार्डावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे आणि बँकेत तिसरे असेल, तर अर्ज कधी महाविद्यालयाच्या पातळीवर, कधी विभागाच्या पातळीवर परत येतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने स्वतः दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो, म्हणून अर्ज भरून विसरून न जाता दर आठवड्याला त्याची स्थिती पाहावी. दुसरी खोच बँकेची आहे. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नसते. ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मुलाने नागपुरात नवे खाते उघडले आणि शिष्यवृत्ती गावच्या बँकेतील, पासबुकही सापडत नसलेल्या जुन्या खात्यात जमा झाली, असे हमखास घडते. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे' एवढे एक वाक्य विचारले की हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

तिसरी पायरी : क्रेडिटचा हिशेब समजून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचना बदलली आणि अनेक विद्यार्थी वर्षभर 'हा विषय आम्हाला का आहे' एवढेच विचारत राहतात. रचना किचकट दिसते, पण तिचे गणित सरळ आहे. क्रेडिट म्हणजे श्रेयांक, विषयाचे वजन मोजण्याचे एकक. लेखी विषयाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास अध्यापन. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात आणि ते मुख्य विषय, इतर शाखेतील खुला वैकल्पिक विषय, कौशल्यविषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा व सहशालेय उपक्रम यांत विभागलेले असतात. दोन क्रेडिटचा विषय 'किरकोळ' समजून सोडून दिला, तर तो अनुत्तीर्ण झाल्यावर मुख्य विषयाइतकाच आडवा येतो.

खुला वैकल्पिक विषय निवडताना मित्र काय घेतो आहे याकडे पाहू नये. विज्ञानाच्या मुलीने अर्थशास्त्राची तोंडओळख घेतली किंवा कला शाखेच्या मुलाने संगणकाचा मूलभूत विषय घेतला, तर त्याचा उपयोग पुढे तीन वर्षे होतो. ज्याचा पेपर सोपा येतो म्हणतात, तो विषय घेतल्याने सत्र निभावते, इतकेच.

डिजिलॉकरच्या माध्यमातून शैक्षणिक क्रेडिट बँकेचे खाते उघडून मिळणारा बारा अंकी क्रमांक महाविद्यालयाला वेळेत द्यावा. तुमचे क्रेडिट तेथेच जमा होतात. आणखी एक गोष्ट पहिल्या सत्रातच कानावर पडायला हवी. तीन वर्षांच्या पदवीनंतरचे ऐच्छिक चौथे वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' म्हणून करायचे असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण लागतात. या सहा सत्रांत पहिलेही मोजले जाते, त्यामुळे 'पहिले वर्ष मोजत नाहीत' हे जुने वाक्य आता खरे राहिलेले नाही.

चौथी पायरी : तास, शिक्षक आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक

पंचाहत्तर टक्के उपस्थितीची अट सर्वांना ठाऊक असते. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. उपस्थितीचा खरा लाभ वेगळा आहे. कोणता भाग शिक्षक दोनदा सांगतात, कोठे थांबून फळ्यावर आकृती काढतात आणि कोणते प्रकरण ओझरते घेतात, हे केवळ टिपणांच्या झेरॉक्सवरून कळत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला तासानंतर किमान एकदा नेमका प्रश्न विचारावा. 'सर, काही समजले नाही' हा प्रश्न नव्हे. 'दुसऱ्या पायरीवरून तिसरी कशी आली' हा प्रश्न. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी शिक्षकाच्या लक्षात राहतो, आणि पुढे प्रकल्प, शिफारसपत्र किंवा अडचण उद्भवली की ओळख असलेल्या दारात जाता येते.

काटोल, उमरेड, तुमसर किंवा आर्वीहून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याची मोठी धास्ती म्हणजे इंग्रजी पाठ्यपुस्तक. हुशार मुले याच भीतीने गप्प होतात आणि गप्प राहिल्याने मागे पडतात. त्यावर उपाय आहे. मात्र तो रोजचा आहे. तासाच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकाची फक्त तीन-चार पाने वाचा. अडलेला प्रत्येक शब्द शोधू नका, तसे केले तर एका पानाला तास लागतो आणि चौथ्या दिवशी पुस्तक बंद होते. ज्या शब्दावाचून संपूर्ण वाक्य थांबते तेवढ्याच शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा. पारिभाषिक शब्दांसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. दुसऱ्या दिवशी तास ऐकल्यावर तोच भाग स्वतःच्या मराठीत पाच-सहा वाक्यांत लिहा, आणि आठवड्याच्या शेवटी वही न पाहता तेच इंग्रजीत लिहून पाहा.

वाणिज्य शाखेतील घसाऱ्याचे उदाहरण घेऊ. एक लाख रुपयांचे यंत्र आणि दर १० टक्के. स्थिर हप्ता पद्धतीत दरवर्षी १०,००० रुपये घसारा पडतो. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी ९,००० आणि तिसऱ्या वर्षी ८,१०० रुपये. ही आकडेमोड बहुतेकांना येते. परंतु जुन्या यंत्राचा दुरुस्तीखर्च वाढत जातो, म्हणून घसारा घटत गेला की दोन्ही मिळून दरवर्षीचा भार साधारण सारखा राहतो, हे कारण स्वतःच्या मराठीत एकदा नीट लिहिता आले, तर इंग्रजी परिच्छेद पुन्हा वाचताना त्यातील निम्मे शब्द आपोआप उलगडतात. आधी समज आणि मग भाषा, हा क्रम उलटा करू नये.

कला व वाणिज्य शाखांत बऱ्याच विषयांची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा असते. उत्तरे कोणत्या भाषेत लिहायची याचा निर्णय पहिल्या सहा आठवड्यांत घ्या आणि त्याच भाषेत सराव करा. अर्धे वर्ष मराठीत वाचून ऐनवेळी इंग्रजीत लिहायला बसणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान होते.

पाचवी पायरी : राहणे, जेवण, येणे-जाणे

शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागण्याची वाट पाहत दोन महिने नातेवाइकांकडे काढणे टाळावे. अर्ज चालू ठेवून जवळची खोली घ्यावी. खोली पाहताना भाड्यापेक्षा चार गोष्टी आधी विचारा : वीजबिल वेगळे की भाड्यातच, पाणी किती वेळ येते, कूलर लावता येईल का, आणि अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळेल. कूलरचा प्रश्न जुलैमध्ये सुचत नाही, पण एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या खोलीत अभ्यास होत नाही, तेव्हा तो आठवतो. अनामत रकमेची पावती न देणाऱ्या घरमालकाला रोख पैसे देऊ नयेत; निदान मोबाइलवरून रक्कम पाठवावी, म्हणजे नोंद राहते.

मेस ठरवताना आधी आठवडाभर तेथे जेवून पाहा आणि मगच महिन्याचे पैसे भरा. सकाळी टपरीवरचे तर्री-पोहे हा नागपूरकराचा हक्क आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण दुपारचे जेवण बुडवून रोज त्यावरच भागवले की महिन्याभरात पोट तक्रार करते.

मेट्रोमुळे शहरातील अंतरे पुष्कळ सोपी झाली आहेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर या दोन मार्गिका बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी स्थानकावर, एकमेकींना मिळतात. रेल्वेस्थानक, झाशी राणी चौक, शंकरनगर आणि एलएडी चौक एकाच मार्गिकेवर आहेत. रोज वर्धा किंवा भंडाऱ्याहून ये-जा करणाऱ्यांनी एसटीचा किंवा रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पास पहिल्या आठवड्यातच काढावा. ये-जा करणाऱ्यांचा दिवस प्रवासात जातो हे खरे, त्यामुळे गाडीत वाचण्याचे साहित्य आणि खोलीत बसून करण्याचे साहित्य वेगळे ठेवावे. उजळणी, शब्दसूची आणि वर्तमानपत्र गाडीत; लेखन, गणिते आणि आकृत्या घरी.

सहावी पायरी : पोळ्यापासून हिवाळी परीक्षेपर्यंत

पोळा, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक), गणपती, नवरात्र आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन असे दिवस एकापाठोपाठ येतात आणि पहिले सत्र बोटांतून निसटते. मारबतीची मिरवणूक अवश्य पाहावी. नागपुरात शिकून ती पाहिली नाही असे होऊ नये. पण त्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या गेल्या काही परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून मिळवून ठेवाव्यात. प्रश्नपत्रिका हातात आली की अभ्यासक्रमाशेजारी ठेवून कोणत्या घटकावर दीर्घ प्रश्न येतात आणि कोणत्यावर टिपा, एवढे पेन्सिलने लिहून काढा. बाजारातील अपेक्षित प्रश्नसंच हे काम तुमच्यासाठी केल्याचा आव आणतात. परंतु अभ्यासक्रम बदलला की ते जुनेच प्रश्न नव्या मुखपृष्ठाखाली विकतात.

परीक्षा अर्जाची मुदत सूचनाफलकावर लागते आणि विलंब शुल्काशिवायची तारीख पटकन निघून जाते. अर्जात विषयांचे संकेतांक तपासा. चुकीचा संकेतांक गेला तर प्रवेशपत्रावर न शिकलेला विषय येतो आणि परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. अंतर्गत मूल्यमापनाचे काम, मग ते गृहपाठ असो, परिसंवाद असो वा चाचणी, ठरलेल्या दिवशी द्यावे व दिल्याची सही घ्यावी. सत्रात किमान दोनदा घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहावा. मोबाइलवर वाचत आलेल्या हाताला तीन तास लिहिण्याची सवय राहिलेली नसते आणि शेवटचा प्रश्न ज्ञानाअभावी नव्हे, वेळेअभावी लिहायचा राहून जातो.

निकाल अनपेक्षित लागला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते व त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो; दोन्हींना ठरावीक दिवसांची मुदत असते. एखादा विषय राहिला तरी एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेला विषय नंतर देण्याच्या अटीवर पुढच्या वर्गात जाण्याच्या, नियमानुसार पुढे जाता येते, पण तो विषय पुढच्याच संधीला सोडवावा, कारण साचलेले विषय तिसऱ्या वर्षी एकदम अंगावर येतात.

सातवी पायरी : वर्गाबाहेरचे नागपूर

पहिल्या वर्षी एकच उपक्रम निवडा आणि तो टिकवा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. शहरातल्या मुलाला गावचे पाणी, शेत आणि ग्रामसभा त्या शिबिरात जितकी दिसते तितकी पुस्तकात दिसत नाही. राष्ट्रीय छात्र सेनेचे 'सी' प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र पहिल्याच वर्षी नाव नोंदवावे लागते, कारण ते तिसऱ्या वर्षी मिळते.

या शहराजवळ असलेली संस्थांची श्रीमंती विद्यार्थी फार कमी वापरतात. पर्यावरणावर काम करणारी नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, १८६३ चा अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, रमण विज्ञान केंद्र, हे सारे एका शहरात आहे आणि डिसेंबरमध्ये बहुधा विधिमंडळाचे अधिवेशनही येथेच भरते. राज्यशास्त्राच्या किंवा पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांमार्फत अधिवेशनाच्या प्रेक्षक गॅलरीचे प्रवेशपत्र मिळते का, याची चौकशी नोव्हेंबरमध्येच करावी. झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाचे कार्यक्रमही नव्या विद्यार्थ्याला परके वाटू नयेत.

स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीत पहिल्याच वर्षी घरचे पैसे गुंतवणे मला पटत नाही. या वर्षी रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र नीट वाचले आणि पदवीचा विषय पक्का केला, तर तीच पायाभरणी होते. बसायला शांत जागा हवी असेल तर महाविद्यालयाचे ग्रंथालय आधी वापरा. अभ्यासिकेचे मासिक शुल्क त्यानंतर.

मन आणि सुरक्षितता

घरापासून दूर आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत उदास वाटणे अगदी सामान्य आहे. झोप, भूक आणि अभ्यास तिन्ही बिघडलेले आठवडे वाढत चालले, तर मात्र महाविद्यालयातील समुपदेशकाकडे जावे किंवा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. मराठीतही बोलता येते. रॅगिंग हा 'ओळख-परेड' म्हणून सोसण्याचा प्रकार नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तक्रार महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

आठवी पायरी : दुसरे सत्र आणि ऊन

संक्रांतीनंतर दिवस भराभर सरतात. उन्हाळी परीक्षेच्या काळात नागपूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि मेमध्ये तो पंचेचाळिशीलाही टेकतो, म्हणून अभ्यासाचे वेळापत्रक मार्चपासूनच बदलावे. पहाटे पाच ते नऊ कठीण विषय, दुपारी विश्रांती व हलकी उजळणी, सूर्यास्तानंतर लेखनाचा सराव. परीक्षेला जाताना डोक्याला दुपट्टा किंवा रुमाल, पाण्याची बाटली आणि पोटात काहीतरी असावे. रिकाम्या पोटी उन्हातून दुचाकीवर जाऊन पेपर लिहिणाऱ्यांना मध्येच भोवळ येते.

परीक्षा संपल्यावर गावी जाण्यापूर्वी दोन दिवस नागपुरातच थांबावे. वर्षभराच्या शुल्काच्या पावत्या, प्रवेशपत्रे आणि गुणपत्रिका फाईलमध्ये लावाव्यात. पुढच्या वर्षी न लागणारी पुस्तके नव्या विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत द्यावीत. कोणत्याही कारणाने शिक्षण मध्येच थांबवावे लागणार असेल, तर पहिल्या वर्षाचे क्रेडिट पूर्ण करून चार क्रेडिटचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता केल्यास एक वर्षाचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्याची चौकशी महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढण्याआधी करावी. शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहत नाही, नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याला पहिल्या वर्षाची गुणपत्रिका व ग्राह्य मुदतीतील उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून सुट्टीत गावी गेल्यावर तहसील कार्यालय किंवा सेतू केंद्रातून तो दाखला काढूनच जूनमध्ये परत यावे.